रंग चढला नाही

त्या दिवशी आलेल्या बावीस बाटल्यांतली एकोणिसावी हातात घेतली, सोबतचा फॉर्म वाचला आणि मी होते तिथेच स्टुलावर बसले.

उदयन श्रीधर ठकार. वय त्रेसष्ट. डाव्या तळव्याची जखम, सात आठवडे झाले, भरत नाही. चालू औषधे: पालविन.

बाटलीत फॉर्मालिनच्या पाण्यात हरभऱ्याच्या डाळीएवढा मांसाचा तुकडा होता. अकरा वर्षं मी ज्याला पाण्यात पाहत आले होते, तो आज खरोखरच माझ्यापुढे पाण्यात तरंगत होता. "अंबाबाई, उशीर केलास, पण आलीस बाई," असं मी मोठ्यानं म्हणाले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं म्हणून बरं.

मी महानंदा माळी, मिरजेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सांगली, कोल्हापूर, बेळगावकडचे सर्जन जे मांसाचे तुकडे तपासायला पाठवतात ते मी मेणात बसवते. त्या मेणाच्या ठोकळ्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. ब्लॉकचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे, रंगवायचे आणि डॉक्टरांपुढे ठेवायचे. आता सन २०४१ मध्ये स्लाइड वाचायला यंत्रं आली, पण मेण कापायला अजून माणसाचाच हात लागतो. रिपोर्टवर सही डॉक्टरांची असते. मात्र त्यांना जे दिसतं ते आधी मी दाखवलेलं असतं. आणखी एक गोष्ट सांगते, पुढे लागेल. काचेवर नाव आम्ही पेन्सिलीनं लिहितो. रंगकामाच्या रसायनांत शाई धुऊन जाते, पेन्सिल जात नाही.

ठकारला ओळखत नाही असा माणूस आज महाराष्ट्रात सापडायचा नाही. पालविन हे टक्कल घालवणारं औषध त्याचं. स्टेशन रोडवर त्याचा दोन मजली चेहरा लागलेला आहे, त्रेसष्टाव्या वर्षी काळेभोर, दाट केस. यंदाच्या नवरात्रात कंपनीनं नवी जाहिरात काढली, 'केस आले, नवस फेडला'. ज्या मिरजेत औषधाची पहिली चाचणी झाली त्याच मिरजेत ठकार नऊ दिवस अनवाणी फिरला, रोज अंबाबाईच्या देवळापर्यंत, पुढे कॅमेरे आणि मागे ढोल. मी लॅबच्या खिडकीतून पाहत होते. त्याचे गोरे, मऊ तळवे पाहून माझ्या मनात काय आलं असेल ते तुम्हीच समजा.

गुरुपाद माझा धाकटा भाऊ. नऊ वर्षांनी लहान, आईवडील लवकर गेले, म्हणून तो मला आक्का म्हणायचा आणि आईसारखा छळायचा. तंबोरे-सतारी बनवणाऱ्या दुकानात तो भोपळे घासून गुळगुळीत करायचा. सव्विसाव्या वर्षी त्याचे केस गळायला लागले आणि एकोणतिसाव्या वर्षी संपले. दुकानातले दोस्त म्हणायचे, "गुरुपाद, खाली वाकू नको गा, गिऱ्हाईक तुलाच तार लावतंय." तो हसायचा. पण मुलगी बघायला गेलो की हसू मावळायचं. तीन स्थळं मोडली. तिसऱ्या ठिकाणी मुलीच्या आत्यानं त्याच्या तोंडावर विचारलं, "ह्यो थोरला व्हय? धाकटा दावा की." धाकटा तोच होता. त्या दिवसापासून तो घरातसुद्धा टोपी घालून जेवायला लागला.

मी तेव्हा मिरजेबाहेरच्या एका संशोधन संस्थेत होते आणि ठकार तिथला प्रमुख. शिकवायचा छान, हे कबूल केलंच पाहिजे. आम्हा टेक्निशियन लोकांनाही समोर बसवून समजावून सांगायचा. शरीरातली पेशी दुभंगून एकीच्या दोन होतात, पण हे कायम चालत नाही. ठरावीक वेळा दुभंगली, किंवा मध्येच तिला मार बसला, की ती थांबते. थांबते, पण मरत नाही. जागा अडवून बसते आणि भोवती रसायनं सोडत राहते. त्यानं शेजारच्या धडधाकट पेशीही सुजतात, मरगळतात. अशा म्हाताऱ्या पेशी साठत गेल्या की कातडी पातळ होते, सांधे कुरकुरतात आणि डोकंही उजाड होतं. केसाच्या मुळाशी नवा केस घडवणाऱ्या बीजपेशी असतात. टकलावरसुद्धा त्या पुष्कळशा शिल्लक असतात, फक्त शेजारच्या म्हाताऱ्यांच्या कटकटीनं झोपी गेलेल्या असतात.

पालविन त्या म्हाताऱ्या पेशी हुडकून मारायचं. दंडात कातडीखाली तांदळाएवढी कांडी बसवायची, ती सहा महिने थोडं थोडं औषध सोडत राहायची, संपली की नवी बसवायची. म्हाताऱ्या मेल्या की बीजपेशी जाग्या होतात आणि केस उगवतात. इतकं सोपं.

चाचणीसाठी माणसं हवी होती. गुरुपादचं नाव मी दिलं. फॉर्म मी घरी आणला, सही कुठे करायची ते बोट ठेवून मी दाखवलं. हे कुणी विसरू नये म्हणून सांगते, मी तर विसरत नाहीच.

पाचव्या महिन्यात लव आली. सातव्या महिन्यात तो माझ्यापुढे डोकं वाकवून बसायचा, "आक्का, हात लावून बघ की. टोचतंय काय?" टोचत होतं. नवव्या महिन्यात आरगच्या मुलीशी सोयरीक जमली आणि तेव्हा त्यानं सांगितलं की लग्न जमलं तर नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहीन असा नवस तो अंबाबाईला बोलला होता.

चाचणीच्या फॉर्मवर चौसष्ट प्रश्न होते. दारू, तंबाखू, ऑपरेशन, दात काढणं, सगळं विचारलं होतं. तुम्ही अनवाणी चालणार आहात का, हे कुणी विचारलं नव्हतं. विचारणारे शिकलेले, बूट घालणारे. आणि मी? आमच्या गल्लीत नवरात्रात निम्म्या पायांत चप्पल नसते हे मला जन्मापासून माहीत. मलाही सुचलं नाही.

ललितापंचमीला देवळाच्या आवारात फोडलेल्या नारळाच्या करवंटीचा तुकडा त्याच्या तळव्यात घुसला. जखम बोटाच्या पेराएवढी. चौथ्या दिवशी ती जशीच्या तशी. चौथ्या आठवड्यातही तशीच, जणू कालच लागलंय. मग पू झाला, तो हाडात उतरला आणि हाडातून रक्तात. पौषात गुरुपाद गेला. डोक्यावर दाट केस होते. तिरडीवर ठेवताना मी ते विंचरले.

तो जिवंत असताना सर्जननं जखम साफ केली तेव्हा कडेचा एक तुकडा मी मागून घेतला होता. म्हाताऱ्या पेशी तेवढ्याच तपकिरी उमटतात असा एक रंग आमच्याकडे असतो. पानावर कात चढतो तसा तो चढतो. कुठल्याही ताज्या जखमेच्या कडेला थोड्या पेशी तपकिरी दिसायलाच हव्यात, कारण शरीर तिथे मुद्दाम काही पेशींना चार दिवसांपुरतं म्हातारं करतं. घरात कार्य निघालं की गावाकडून आत्या येते, सगळ्यांना हाका मारून कामाला लावते आणि कार्य उरकलं की परत जाते, तशा या पेशी. त्यांच्या हाकेवर नवं मांस, नव्या रक्तवाहिन्या येतात. उंदरांवर हे फार पूर्वीच सिद्ध झालं होतं. पालविनला कायमची ठाण मांडून बसलेली म्हातारी आणि चार दिवसांची आत्या यांतला फरक कळत नव्हता. ते दोघींनाही मारत होतं.

गुरुपादच्या काचेवर तपकिरी पेशी एकही नव्हती.

ठकारनं मायक्रोस्कोपमधून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "रंग चढला नाही, बाई. परत करा."

मी परत केला. एकदा, दोनदा, तीनदा. दर वेळी त्याच काचेवर शेजारी कंट्रोल ठेवला, म्हणजे जिथे रंग हमखास चढतो असा माहितीतला तुकडा. तो दर वेळी कातासारखा रंगला. ते ठकारनंही पाहिलं. चौथ्यांदा गेले तेव्हा संस्थेच्या दारात माझं कार्ड चाललं नाही. कामात वारंवार हलगर्जी, असं पत्र मिळालं. आणि चाचणीच्या अहवालात माझा भाऊ एका ओळीचा झाला. सहभागी क्रमांक ११४, अनवाणी चालण्याचा निष्काळजीपणा, औषधाशी संबंध नाही.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

गुरुपादचा ब्लॉक मी जेवणाच्या डब्यात घालून बाहेर आणला होता. घरी आल्यावर एक कोरी काच घेतली, तिच्यावर पेन्सिलीनं उदयन श्रीधर ठकार असं पूर्ण नाव लिहिलं आणि देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवून दिली.

दोन ठिकाणी तक्रारीचे अर्ज केले. कामावरून काढलेल्या बाईची ही सूडबुद्धी आहे, असं उत्तर आलं. पालविन बाजारात आलं आणि धो धो चाललं. मी मिरजेतल्या या लॅबला लागले. तिथे तिसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की दसऱ्यानंतर माझ्या टेबलावर पायांचे तुकडे वाढतात. अनवाणी चालणाऱ्यांचे पाय. त्यांतल्या काहींच्या फॉर्मवर चालू औषधांच्या रकान्यात पालविन असायचं. मी त्या ब्लॉकचा एक जादा काप काढायची आणि जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्या हातानं तो रंग करायची. तपकिरी पेशी कुठेच नसायची. पाच झाले, दहा झाले. म्हटलं, अजून थोडे होऊ देत, मग कुणाची नाही म्हणायची टाप नाही. वीस झाले. ठकारचे पुरस्कार वाढत गेले तसे माझ्या कपाटातले ब्लॉकही वाढत गेले. यंदाच्या नवरात्रापर्यंत सदतीस झाले होते.

आणि आता ही एकोणिसावी बाटली.

मी ठकारचा तुकडा मेणात बसवला, नेहमीच्या रंगाच्या स्लाइड केल्या आणि जेवणाच्या सुट्टीत माझी जादा स्लाइड. काप इतका सुरेख आला की स्वतःचंच कौतुक वाटलं. कंट्रोल रंगला. ठकारची कड कोरी.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पोटातून झाला. हा रंग कुणी मागितला नव्हता. मला खोटं बोलायचं नव्हतं, काही लपवायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. रिपोर्ट जाईल, साधी जुनाट जखम. मग पाय घोट्यापासून काढतील. ती जखमही भरायची नाही, कारण दंडातली कांडी औषध सोडतच राहील. मग गुडघा. मग रक्त. गुरुपाद ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं, पायरी न चुकवता. कांडी काढा आणि म्हाताऱ्या पेशी जी हाक मारतात तिचंच प्रथिन असलेला, मधुमेहींच्या जखमांसाठी बाजारात मिळणारा लेप लावा, एवढं सांगणारी एक मीच होते. कारण पालविनच्या पत्रकावर ठकारनंच छापून घेतलं होतं की जखमांवर कोणताही परिणाम नाही.

पण त्याला न कळता तो मेला तर त्यात मला काय? मी दुपारी दवाखान्यात गेले.

डॉ. नसीमा पटवेगार म्हणजे पाय वाचवणारी बाई म्हणून आमच्या भागात प्रसिद्ध. जिन्यातच भेटल्या, वैतागलेल्या. "महानंदाताई, त्या ठकारांचा रिपोर्ट लवकर द्या ओ. साखर नाही, रक्तपुरवठा झक्कास, कसले जंतू नाहीत, तरी जखम ढिम्म हलंना. शुक्रवारी घोट्यापासून काढावा लागतोय बघा."

"उद्या देते, मॅडम," मी म्हणाले आणि वर गेले.

ठकार पलंगावर टेकून बसला होता. पाय उशीवर, केस नीट विंचरलेले.

"डॉक्टर, ओळखलंत?"

त्यानं चष्मा सारखा केला. "लॅबमधून आलात ना? रिपोर्ट आणलात?"

"रिपोर्टच आणलाय. पण आधी ओळखा."

"माफ करा, इतकी माणसं भेटतात..."

"मी सहभागी क्रमांक एकशे चौदाची बहीण."

त्याचा हात आपोआप केसांकडे गेला आणि तिथेच थांबला. मी टॅबवर स्लाइडचा फोटो काढून त्याच्या मांडीवर ठेवला. माणूस कसाही असो, डोळा शास्त्रज्ञाचा. त्यानं बरोबर जखमेची कड शोधली, मोठी करून पाहिली आणि त्याच्या तोंडून सवयीनं निघालं, "रंग चढला नाही."

मला हसू फुटलं. आवरेना. "शेजारी कंट्रोल आहे, बघा की. कसा झक्क चढलाय."

त्यानं पाहिलं. "हा कुणाचा आहे?"

"डावा तळवा. वय त्रेसष्ट."

ठकारचा चेहरा उतरताना मी पापणी न लववता पाहत होते. एवढ्यासाठीच तर आले होते.

"अनवाणी कसे चाललात ओ तुम्ही?" मी विचारलं. "तुम्हाला तर माहीत होतं."

"नव्हतं," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "अकरा वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलो. रंग चढला नव्हता. शेवटी ते खरं वाटायला लागलं. पटवेगारना दाखवलंत हे?"

"नाही."

"का?"

"कुणी मागितलं नाही. न मागता जादा रंग करायचा नाही, हा तुम्हीच घालून दिलेला नियम."

त्यानं डोळे मिटले. "काय हवंय तुम्हाला?"

हे मी अकरा वर्षं पाठ केलं होतं. "देवळात जाताना होते तेवढेच कॅमेरे बोलवायचे. गुरुपाद माळी असं नाव घ्यायचं, क्रमांक नाही. त्याच्या बहिणीनं रंग बरोबर केला होता आणि मी तो दडवला, असं म्हणायचं. मग मी मॅडमना जाऊन सांगते काय काढायचं आणि काय लावायचं ते."

"आणि नाही म्हटलं तर?"

"शुक्रवार आहेच की."

"हा खून आहे, बाई."

"मग तुमचा काय होता?"

त्यानं पाय उशीवर सावरला. मग त्याच्यातला जुना ठकार जागा झाला. "कुणी विश्वास ठेवणार नाही. एक तुमच्या भावाची स्लाइड, एक माझी. दोन स्लाइडवर काय सिद्ध होतं?"

इथे मी चुकले. ऐट आवरली नाही. "दोन? सदतीस ब्लॉक आहेत माझ्या कपाटात. सगळे पालविनवाले, सगळे अनवाणी. सगळे कोरे. तुमचा अडतिसावा."

ठकारनं मान वर केली. घाबरेल असं वाटलं होतं. तो घाबरला नाही, हिशेब करत होता. "कधीपासून?"

"सात वर्षं."

"पाचव्या ब्लॉकलाच तुम्हाला खात्री झाली असेल. कुणालाही झाली असती." तो माझ्याकडे रोखून बघत होता. "मग सहाव्याचं काय झालं? विसाव्याचं? त्यांचे पाय?"

"मी पुरावा गोळा करत होते."

"मीही तेच म्हणत होतो. आणखी पुरावा हवा, म्हणून." तो थकून मागे टेकला. "मी एक स्लाइड दडवली, बाई. तुम्ही सदतीस."

चोराच्या उलट्या बोंबा! त्याच्या त्या विंचरलेल्या केसांना धरून डोकं भिंतीवर आपटावं असं वाटलं. मी टॅब उचलला आणि चालू लागले. जिन्यात दोनदा थांबले. वाक्य डोक्यातून जाईना.

लॅबमध्ये येऊन कपाट उघडलं. ब्लॉक ओळीनं लावलेले, प्रत्येकासोबत फॉर्मची प्रत. इतकी वर्षं मी ते मोजले होते, वाचले नव्हते. आता एकेक वाचायला घेतले. कवठे महांकाळचा रिक्षावाला. चिकोडीचे दोन सख्खे भाऊ. तिसावा ब्लॉक ऐश्वर्या बिराजदारचा, वय चौतीस, जतला शिक्षिका, बाळंतपणानंतर केस गेले म्हणून पालविन. दोन वर्षांपूर्वीचा. त्याच फॉर्मला पुढची नोंद जोडलेली होती, डावा पाय गुडघ्याखाली काढला. तो ब्लॉक कापला तो दिवस मला आठवला. मेणातून सरळ पट्टी निघाली तेव्हा माझ्या मनात आलं होतं, चला, तीस झाले.

पुरावा म्हणे! तिसाव्याला कसला पुरावा हवा होता मला? मला गोडी लागली होती. ठकार जितका उंच चढेल तितका वरून पडेल, म्हणून मी थांबले होते आणि त्या थांबण्याची किंमत जतच्या एका बाईच्या पायानं भरली होती. गुरुपाद हे ऐकून काय म्हणाला असता? "आक्का, असं कसं गं केलंस," एवढंच म्हणाला असता आणि टोपी पुढे ओढली असती.

त्याच संध्याकाळी दिवेलागणीला मी सदतीस ब्लॉक, गुरुपादचा ब्लॉक आणि ठकारची स्लाइड दोन पिशव्यांत भरून पटवेगार मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली. ठकारनं हो म्हटलं नव्हतं, कॅमेरे आले नव्हते, माझ्या हाती काही लागलं नव्हतं. तरी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. दंडातली कांडी, लेप, सगळं.

शेवटी मॅडमनी चष्मा काढला. "यातले अकरा पाय मी कापलेत, ताई. माझ्या या हातांनी. आणि तुम्ही रोज मला जिन्यात हसून नमस्कार करत होता?"

मी पिशवीतून बाहेर आलेला एक ब्लॉक परत आत सरकवला.

"त्या ठकारला का वाचवताय मग?" त्यांनी विचारलं.

याचं उत्तर तयार होतं. "मेला तर सुटला, मॅडम. मला तो जिवंत हवाय. दोन्ही पायांवर उभा."

त्यांनी कांडी काढली, लेप लावला. नवव्या दिवशी जखमेच्या कडेला लाल, ताजं मांस दिसलं. सहाव्या आठवड्यात जखम मिटली. मॅडमनी सगळे ब्लॉक सरकारकडे पाठवले आणि पेपरांत आलं. पालविनची विक्री थांबली, लोक दंडातल्या कांड्या काढून घ्यायला रांगा लावू लागले. शिमग्यापर्यंत ठकारचे केस झडले. स्टेशन रोडवरचा दोन मजली चेहरा एका सकाळी उतरवताना मी चहाच्या गाड्यावर उभी राहून शेवटपर्यंत पाहिला. दोन कप चहा प्याले.

जुलैत सांगलीत चौकशी समिती बसली. समितीनं टेबलावर मायक्रोस्कोप ठेवला होता आणि मला साक्षीला बोलावलं होतं. मी गुरुपादच्या ब्लॉकचा नवा काप काढून नेला. अकरा वर्षांनीही ब्लॉक लोण्यासारखा कापला गेला. अध्यक्षांनी ठकारला पुढे बोलावलं. तो आला. डोकं भोपळ्यासारखं गुळगुळीत, चाल सरळ. दोन्ही पाय धड. मायक्रोस्कोपवर वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"डॉक्टर ठकार, रंग चढलेला आहे का?"

"चढलाय."

"मोठ्यानं सांगा. नोंद करायची आहे."

"रंग व्यवस्थित चढलेला आहे. तेव्हाही चढला होता. गुरुपाद माळी यांच्या मृत्यूला औषध कारण होतं आणि ते मला ठाऊक होतं."

हे वाक्य ऐकायला मी अकरा वर्षं जगले होते. गुरुपादचं नाव त्याच्या तोंडून निघालं तेव्हा मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. देव्हाऱ्याखालची काच आता फोडून टाकायची, असं ठरवत मी बाहेर आले.

व्हरांड्यात बाकावर काही माणसं बसली होती, आपली पाळी यायची वाट पाहत. त्यांतली एक बाई कुबडी टेकून उठली. निळी साडी, खांद्यावर पर्स, डोक्याला रुमाल. साडीच्या निऱ्यांखाली एकच चप्पल दिसत होती.

"ब्लॉक जपून ठेवणाऱ्या मावशी त्या तुम्हीच ना?" तिनं विचारलं. "मी बिराजदार. जतची."

"हो," मी म्हणाले. तिला वाटत होतं की मी तिच्यावर उपकार केलेत. तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. ती आभार मानायला उठली होती.

"एक विचारू? तुम्हाला हे पहिल्यांदा कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. हल्लीच कळलं, म्हटलं असतं तर तिनं माझे हात हातात घेतले असते. आत नुकताच एक माणूस अकरा वर्षांनी खरं बोलला होता आणि ते त्याच्याकडून मीच वदवून घेतलं होतं.

"भावाच्या वेळी शंका होती," मी म्हणाले. "खात्री होऊन सात वर्षं झाली."

तिनं मनात वजाबाकी केली. शाळेतल्या बाई त्या, त्यांना वेळ लागला नाही. "म्हणजे माझ्या आधी पाच वर्षं."

"हो."

कुबडी काखेत घट्ट धरून ती माझ्याकडे पाहत राहिली, आणि ती नजर मला नवी नव्हती. मग तिनं पर्स उघडली, वही काढली आणि वहीत खोचलेली पेन्सिल.

"तुमचं पूर्ण नाव सांगा," ती म्हणाली.

मी सांगितलं. तिनं ते नीट, एकेक अक्षर वळवून लिहून घेतलं.